हळद हातांना लागते, डोळ्यांना नाही

"मॅडम, ही कावीळ न्हाई. हळद हाय," मुकादम म्हणाला आणि हसला. त्याच्यामागचे मजूरही हसले.

हसण्यासारखंच होतं. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका शेतात हळद शिजवायचा बॉयलर लागला होता. खाली लाकडांचा जाळ, ड्रममधून भसाभस वाफ, बाजूला शिजलेल्या हळदीचा ढीग आणि त्यात राबणारी माणसं नखापासून कोपरापर्यंत पिवळी. कपडे पिवळे. घाम पुसला तिथे कपाळावर पिवळे पट्टे. या माणसांमध्ये कावीळ झालेला माणूस शोधायला मी हिंगोलीहून आले होते.

लिंबाखाली एक जण आडवा पडला होता.

"त्याला काय झालं?"

"ऊन लागलं."

"जेवतो का?"

"भाकरीचा वास बी सहन होईना त्याला. लघवी चहासारखी होऊन राहिली म्हणतो. उनाचीच तकलीफ हाय."

मी त्याच्याजवळ बसले. "वर बघ," म्हटलं आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पिकल्या लिंबासारखा पिवळा होता.

"मुकादम, तुम्ही हळद डोळ्यांत घालता का?"

आता कोणी हसलं नाही. हळद हातांना लागते, कपड्यांना लागते, डोळ्यांच्या आत जाऊन पांढरा भाग रंगवत नाही. मी एकेकाला उन्हाकडे तोंड करून उभं केलं. टोळीतल्या आणखी तिघांचे डोळे पिवळे निघाले. ते तिघेही तशाच अंगाने पोती उचलत होते. काम थांबलं की मजुरीचा रोज थांबतो, म्हणून कोणी बोलत नव्हतं. आणि हळदीच्या हंगामात पिवळ्या माणसाकडे बघतो कोण?

माझं काम थोडक्यात सांगते. मी एपिडेमिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे साथरोगतज्ज्ञ. डॉक्टर एका माणसाला तपासतो, आम्ही अख्खं गाव तपासतो. कोण आजारी पडलं, कोण नाही पडलं आणि त्या दोघांत फरक काय, एवढंच शोधायचं. फरक सापडला की रोगाची वाट सापडते. वाट सापडली की ती अडवता येते.

त्या शेतापासून जवळच्या गावात (नाव लिहीत नाही, गावाचा दोष नव्हता) दोन गर्भवती मुलींना कावीळ झाली होती. त्यातली एक सावरत होती. दुसरी, सुनीता, आठव्या महिन्यात होती. सुनीताला नांदेडला हलवलं होतं आणि ती माणसं ओळखेनाशी झाली होती. तिच्या रक्तात हिपॅटायटिस ई सापडला. हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातो आणि यकृताला सूज आणतो. धडधाकट माणूस विश्रांती घेऊन बहुधा बरा होतो. गर्भवती बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तो मारू शकतो. त्यावर खास औषध नाही. गावात आणखी पाच गर्भवती होत्या, बहुतेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या. त्या अजून बऱ्या होत्या. त्या बऱ्या राहतील का, हा प्रश्न होता.

शेतातूनच ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"सर, मजुरांतही कावीळ आहे."

"कुठले मजूर?"

"तांड्यावरचे. बॉयलरवर काम करतात."

"ते गावात राहत नाहीत, गावच्या आडाचं पाणी पीत नाहीत. गर्भवती मुली हळदीच्या शेतात येत नाहीत. संबंध काय दोघांचा?"

"तोच शोधायला गाडी आणि माणसं पाहिजेत."

"ढवळे मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही. पापणी ओढून निदान करू नका."

हे वाक्य मला पाठ आहे. मी मायक्रोबायोलॉजी शिकले, मग सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, तीही नोकरी करत. ऑर्डर कंत्राटी, मुदत संपली की एक दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवी ऑर्डर द्यायची. मीटिंगमध्ये माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत. मागच्या एका साथीचा अहवाल मी उन्हात फिरून लिहिला, तो वरती गेला तेव्हा त्यावर माझं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "टीमवर्क असतं." टीममध्ये फिरणारी मी एकटीच होते. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

पण भांडायचं कधी आणि सौदा करायचा कधी, हे मला कळतं. माझे वडील वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाल होते. शाळा सुटली की मी आडत्याच्या दुकानासमोर सांडलेली हळकुंडं वेचायचे आणि संध्याकाळी त्याच आडत्याला विकायचे. तो म्हणायचा, "माझाच माल मला इकतीस काय गं?" मी म्हणायचे, "तुमचा होता तर वाकून उचलायचा." तिथे मी एक शिकले. पाहिजे त्याच्या दुप्पट मागावं.

"ठीक आहे सर," मी म्हटलं. "मग दोन गाड्या द्या, चार आरोग्यसेवक द्या, आणि मजुरांचं, गर्भवतींचं, सगळ्यांचं रक्त नांदेडला पाठवायची परवानगी द्या."

"दोन गाड्या कुठून आणू? एक घ्या. रक्त पाठवा. माणसं नाहीत."

मला गाडी आणि रक्ताची परवानगीच हवी होती. मजुरांचं रक्त त्याच दिवशी नांदेडला गेलं.

गावात पोचले तर आशाताई रुक्मिणीबाई रागाने लाल झालेल्या. आजारी कोण, गर्भवती कोण हे घराघरांत जाऊन बघणारी आशाताई गावातलीच बाई असते. सगळ्यांच्या शिव्या आधी तिला.

"मॅडम, आडात पावडर दुप्पट टाकायला कोणी सांगितली? बाया माझ्या नावानं बोटं मोडून राहिल्यात. चहाला बी वास येतोय म्हणतात."

सांगितलं होतं आमच्याच ऑफिसने. कावीळ म्हटलं की आडात ब्लीचिंग पावडर टाकायची, हा पहिला हुकूम. पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो. हुकूम चुकीचा नव्हता. मी आडाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी लख्ख पिवळं झालं. या तपासणीत पिवळं म्हणजे चांगलं, पाण्यात क्लोरीन आहे.

"आड आधी कसा होता?" मी विचारलं. हे विचारावंच लागतं. हा विषाणू पोटात गेल्यावर साधारण महिनाभर गप्प बसतो. आज पिवळा झालेला माणूस मागच्या महिन्याचं पाणी घेऊन आलेला असतो. आजचं पाणी तपासून मागच्या महिन्याचा चोर सापडत नाही.

"आधी बी रोज टाकत होतो. मी स्वतः उभी राहून टाकून घेते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं की पावडर चुकवायची तिथे कोणाची हिंमत नव्हती.

म्हणजे आड साफ होता. मग?

सुनीताच्या घरी गेलो. वडील नांदेडला दवाखान्यात तिच्याजवळ होते. आई, गंगाबाई, मुलीचे कपडे न्यायला आली होती. घरात गंगाबाईंची सून ठणठणीत, म्हातारे सासरे ठणठणीत, गंगाबाई स्वतः ठणठणीत. एका चुलीवरचं जेवण. सुनीताने काही वेगळं खाल्लं का? नाही. लग्नाला कुठे गेली का? नाही. डोहाळेजेवण? ते सासरी झालं, केव्हाच. मी एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारत होते आणि चिडत चालले होते.

गंगाबाई उठल्या. "बसा मॅडम, पाणी तरी घ्या. आमच्या आडाचं न्हाई देत तुमाला, वासाचं. जारचं देते."

आतल्या खोलीत, सुनीताच्या पलंगाजवळ, निळा जार होता. वरून धुतलेलं फडकं घातलेलं.

"हा जार कोण पितं?"

"सुनीतासाठी लावला. माहेराला आलेली लेक. तिला ते पावडरीचं पाणी कसं द्यावं? आमी काय, आमी जन्मभर आडाचं पिलो. गावात ज्यांच्या लेकी आल्यात त्या सगळ्यांनी जार लावलेत. आता पावडर वाढली तर बाकीचे बी लावून राहिले."

मी ग्लास खाली ठेवला. जारच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले. काही झालं नाही. पाणी स्वच्छ, थंड, नितळ आणि क्लोरीन शून्य. आम्ही आडात जितकी पावडर ओतत होतो, तितकी जारची गाडी गावात जास्त फिरत होती. आमचाच हुकूम लोकांना रोगाकडे ढकलत होता.

गाडी फिरवून पुन्हा शेतात गेले.

"मुकादम, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"जारचं. शेतमालकासंगं ठरलेलंच असतं. चहा, भाकरी आन जार. जार असल्याबिगर आमी बॉयलर लावतच न्हाई," तो छाती फुगवून म्हणाला. "तांड्यावरचे हाव म्हणून कोणी बी ओढ्याचं पाणी पाजावं का?"

त्याने सौदा चांगला केला होता. मीही तसाच केला असता. मजुरांनी भांडून मिळवलेलं आणि आयांनी मायेनं आणलेलं, दोन्ही पाणी एकाच ठिकाणाहून येत होतं.

गंगाबाईंच्या जारमधलं पाणी मी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं, आडाचं दुसऱ्या बाटलीत. ही साधी बाटली असते, आत औषध असतं. पाण्यात मैला असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. दुसऱ्या दिवशी जारची बाटली शाईसारखी काळी झाली. दोन्ही पिशवीत घालून मी जारच्या प्लांटवर गेले.

प्लांट म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. मालक बालाजी, तिशीतला, शर्ट इस्त्रीचा. टमटम चालवून पैसा जमवला आणि प्लांट टाकला. माझ्यासारखाच खालून वर आलेला माणूस. पाणी थंड करायची मशीन जोरात चालू होती. शुद्ध करायची मशीन बंद.

"फिल्टर गेला. नवीन मागवला, येऊन राहिला," तो म्हणाला.

"आणि पाणी बोअरचं?"

"बोअर आटलं. मागच्या जुन्या विहिरीतून पाइप घेतला. झऱ्याचं पाणी हाय, गोड."

विहीर ओढ्याच्या काठाला होती. वरच्या अंगाने गावातल्या संडासांचं सांडपाणी त्याच ओढ्यात येत होतं.

"बालाजीभाऊ, आजपासून प्लांट बंद."

"काहून? कागद हाय का?"

कागद नव्हता. प्लांटला कुलूप लावायचा अधिकार दुसऱ्या खात्याचा. त्यांना पत्र गेलं होतं, ते येणार होते तेव्हा येणार होते. हे बालाजीला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"कागद आना, बंद करतो. उद्या मोठं लगीन हाय, जार द्यायचा शब्द दिलाय."

माझं डोकं फिरलं. "शब्द? आठव्या महिन्यातली पोरगी तिकडे आईला ओळखत नाही आणि तुम्ही शब्दाचं सांगता?"

"ओरडू नका! माझ्या पाण्यानं झालं कशावरून? हे बघा." त्याने जारचा ग्लास भरला आणि मी हात पुढे करेपर्यंत घटाघटा पिऊन टाकला. "रोज हेच पितो मी. माझी आई हेच पिते."

तो लबाड नव्हता. थंड म्हणजे शुद्ध असं त्याला खरंच वाटत होतं. लबाड माणसाला भीती दाखवता येते. खरं मानणाऱ्याला दाखवावं लागतं. मी पिशवीतून काळी बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारी आडाच्या पाण्याची बाटली ठेवली, भरली तशीच, बिनकाळी.

"ही तुमची. ही त्या वासाच्या आडाची."

त्याने दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. मग खुर्चीवर बसला.

"धंदा गेला माझा."

"गेला नाही. ऐका. खात्याचे लोक येऊन कुलूप लावतील, लोक फोटो काढतील. त्याआधी तुम्हीच बंद करा. गाडीवर भोंगा लावा आणि तुम्हीच सांगत फिरा की जार परत द्या, पाणी उकळून प्या. क्लोरीनच्या गोळ्या मी देते, वाटायच्या तुमच्या गाडीतून. उद्या लोक शिव्या देतील. पण पुढे आठवतील की बालाजीनं स्वतः येऊन सांगितलं."

"अहवालात माझं नाव?"

"कारण तुमचं पाणी, हे लिहिणार. ते मी माझ्या बापासाठीसुद्धा झाकणार नाही. तुम्ही स्वतः प्लांट बंद केला, हेही लिहिणार. दोन्ही लिहिणार."

"आन लगीन?"

"लग्नाला क्लोरीन टाकलेला टँकर येईल. माझा शब्द."

टँकर माझ्या हातात नव्हता. बाहेर येऊन साहेबांना फोन केला आणि तीन टँकर मागितले.

"तुम्ही शब्द दिलाच कसा?" साहेब तडकले.

"तुमच्या नावाने दिला सर. लोक म्हणाले, साहेबांनी सांगितलं म्हणजे येणारच."

"एक मिळेल," साहेब म्हणाले. मग आवाज उतरला. "मजुरांचे रिपोर्ट आलेत. तोच विषाणू आहे. तुमचं बरोबर होतं." मी थँक्यू म्हटलं नाही.

संध्याकाळी बालाजीची गाडी भोंगा लावून फिरली. त्याचाच आवाज होता. जार परत जमा झाले. मुकादमाशी मला वेगळा सौदा करावा लागला.

"तुमच्याकडे एवढा जाळ पेटलेला, आणि पाणी विकतचं थंड? त्याच जाळावर पाणी उकळा, माठात घाला, दुसऱ्या दिवशी प्या."

"आन आजारी माणसांचं काय? काम केलं न्हाई तर खातील काय?"

हे बरोबर होतं. मी शेतमालकाला गाठलं. आजारी मजुरांचा रोज तोडायचा नाही, नाहीतर पुढच्या शेतात हे डोळे लपवून जातील आणि त्याच्या पाहुण्यांच्या गावात कावीळ पोचेल, असं सांगितलं. पाहुण्यांचं नाव काढल्यावर त्याने अर्धा रोज कबूल केला. गावातल्या एका म्हाताऱ्याने काविळीची माळ आणून आजाऱ्यांच्या गळ्यांत घातली होती. तिच्याशी मी भांडले नाही. "माळ राहू द्या, पण पाणी उकळलेलंच," एवढ्यावर तडजोड झाली.

मग अवघड काळ आला. प्लांट बंद झाला तरी नवे रुग्ण येतच राहिले. बालाजी ऑफिसात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, जार बंद हाय तरी लोक पिवळे होऊन राहिले! मला फुकट बुडवलं तुमी."

मी आधीच सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. हे मागच्या महिन्यातलं पाणी बोलतंय. महिनाभर थांबा. तो पाय आपटत गेला. साहेबांनीही दोनदा विचारलं, खात्री आहे ना? खात्री होती. तरी रोज सकाळी रुक्मिणीबाईंचा फोन मी पहिल्याच रिंगला उचलायचे. त्या पाच जणींतल्या एकीचे डोळे पिवळे झाले. तिला त्याच दिवशी नांदेडला हलवलं. लवकर हलवल्यामुळे ती सावरली. बाकी चौघी बऱ्या राहिल्या.

गंगाबाई मला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"मॅडम, माझ्याच हातानं पाजलं का मी?"

मला गोड बोलता येत नाही. "तुम्ही चांगलं म्हणून दिलं. घाण ओढ्यातून आली," मी म्हटलं. "आता रडायचं नाही. ती शुद्धीवर येईल तेव्हा तिला उकळलेलं पाणी कोण देणार?"

सुनीता शुद्धीवर आली. बाळ वेळेआधी झालं, मुलगी, एवढीशी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. मग दोघी घरी आल्या.

नवे रुग्ण कमी कमी होत गेले आणि एक दिवस रुक्मिणीबाईंचा फोन आला, "आज कोणीच न्हाई." दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी फोन करायचंच बंद केलं.

बालाजीने बोअर खोल केलं, नवा फिल्टर बसवला, क्लोरीन टाकायला लागला. गिऱ्हाईकं वासाची तक्रार करतात. तो नळी आणि थेंब घेऊन बसतो आणि पाणी पिवळं करून दाखवतो. परवाना खात्याने दिला, पण उशिरा, आणि त्यासाठी त्याने माझं डोकं खाल्लं.

अहवालावर माझं नाव आलं. शेवटच्या पानावर, "सहकार्य" या शब्दाखाली, ड्रायव्हरच्या नावानंतर. ड्रायव्हरने बिचाऱ्याने खरंच सहकार्य केलं होतं. मी ते पान जपून ठेवलंय, पुढच्या ऑर्डरच्या वेळी साहेबांसमोर ठेवायला. आता मी दुप्पट नाही, तिप्पट मागणार आहे.

नवीन लोकांना मी आता एकच सांगते. साथ आली की लोक ज्याला नावं ठेवतात ते तपासाच, पण घरात जे सगळ्यात लाडक्या माणसाला दिलं जातं ते आधी तपासा. त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

पुढच्या हंगामात शिरड शहापूरच्या रस्त्याला तीच टोळी भेटली. बॉयलर लागला होता, बाजूला दोन माठ झाकून ठेवलेले. मुकादमाने मला पाहिलं आणि ओरडला, "अरे चला, मॅडम आल्या!" सगळे हसत रांगेत उभे राहिले आणि पिवळ्याधमक अंगठ्यांनी आपापल्या पापण्या ओढून धरल्या.

"बघा मॅडम," मुकादम म्हणाला, "हळद हाय का कावीळ?"

मी एकेकाचे बघितले. सगळे पांढरे होते.